रात्री दोनचा डोस : मेंदूतल्या रक्तस्रावानंतर रक्तप्रवाहाच्या नियमनावर ठेवलेली नजर

रुग्ण ४६ वर्षांच्या बाई. आधीचा आजार म्हणावा तर थोडा वाढलेला रक्तदाब, तोही एका गोळीवर आटोक्यात. बोलता बोलता डोक्यात घण बसावा तशी कळ आली, उलटी झाली आणि त्या जागच्या जागी कोसळल्या. आणलं तेव्हा हाकेला डोळे उघडत नव्हत्या, टोचल्यावर उघडत होत्या. तोंडातून सुटे, असंबद्ध शब्द येत होते आणि जिथे दुखवलं तिथे हात बरोबर पोचत होता. शुद्धी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी एकूण १०. चारही हातपाय हलत होते.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी रक्ताचा जाड थर होता, दोन्ही बाजूंच्या वेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत, रक्त उतरलं होतं आणि वेंट्रिकल फुगलेले होते. म्हणजे सबॲरॅक्नॉइड, मेंदूभोवतीच्या आवरणांमधला, रक्तस्राव. सीटीत दिसणाऱ्या रक्तावरून सुधारित फिशर श्रेणी ४, शुद्धीच्या पातळीवरून डब्ल्यूएफएनएस श्रेणी ४. अँजिओग्राफीत अँटीरियर कम्युनिकेटिंग धमनीवर ७ मिलिमीटरचा फुगा, म्हणजे धमनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा, दिसला. त्याच रात्री वेंट्रिकलमध्ये नळी घालून पाणी बाहेर काढायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉइल घालून फुगा बंद केला. तोवर सिस्टोलिक दाब १६० च्या खाली ठेवला होता. पहिल्या २४ तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, त्यामुळे या टप्प्यावर कुणाचं दुमत नसतं. वाद सुरू होतो तो फुगा बंद झाल्यावर.

हे प्रकरण एकाच रुग्णाच्या केसपेपरची नक्कल नाही. अशा अनेक रुग्णांच्या शुश्रूषेतून, शिकवण्यासाठी ते गुंफलं आहे. आकडे मात्र अतिदक्षता विभागात रोज दिसतात तसेच आहेत.

फुगा बंद झाला म्हणजे जीवावरचं टळलं, असं नातेवाइकांना वाटतं. ते स्वाभाविकच आहे. पण रक्तस्रावाचा दिवस शून्य धरला तर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत दुसरं संकट दबा धरून बसलेलं असतं. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडू लागतं आणि सावरायला उसंत मिळाली नाही तर तो भाग मरतो. पूर्वी याचा सगळा दोष आखडलेल्या धमन्यांना, म्हणजे व्हॅसोस्पाझमला दिला जायचा. क्लॅझोसेंटान या औषधाने ते चित्र बदललं. २००८ सालच्या चाचणीत त्याने धमन्यांचं आखडणं स्पष्टपणे कमी केलं, पण २०११ मध्ये आलेल्या पुढच्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम अवस्था सुधारली नाही. उलट धमन्या सैल करणाऱ्या निमोडिपिन या औषधाने रुग्णांना फायदा होतो हे सिद्ध आहे, पण अँजिओग्राफीत धमन्या फारशा रुंदावलेल्या दिसत नाहीत. मोठी धमनी अरुंद होणं हा गोष्टीचा एक भाग झाला. दुसरा भाग असतो पुढच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये. त्यांना आपला प्रवाह सांभाळता येतो की नाही, हा तो प्रश्न.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो वापरतो. दर १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. हा प्रवाह २० च्या आसपास घसरला की पेशींचं काम थांबतं आणि १० च्या खाली गेला की पेशी मरू लागतात. मेंदूकडे साठा नाही, म्हणून त्याने स्वतःची सोय केली आहे. रक्तदाब वाढला की बारीक धमन्या आकसतात, कमी झाला की सैलावतात. वरच्या टाकीत पाणी कितीही चढलं-उतरलं तरी तोटी फिरवून धार तीच ठेवावी, तसं. यालाच ऑटोरेग्युलेशन, म्हणजे रक्तप्रवाहाचं स्वनियमन म्हणतात. पाठ्यपुस्तकांत ६० ते १५० मिलिमीटर पाऱ्याच्या रक्तदाबादरम्यान प्रवाहाची सपाट दिसणारी रेघ असते. तिचं मूळ नील्स लासेन यांनी १९५९ साली निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून काढलेल्या आलेखात आहे. त्या आलेखावरचे बिंदू वेगवेगळ्या लोकांचे होते. एका माणसाची रेघ तितकी रुंद आणि तितकी सपाट असेलच असं नाही, आणि रक्तस्राव झालेल्या मेंदूत तर ती मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूलाही वेगवेगळी असू शकते. या बाईंच्या बाबतीत आम्ही हे पुस्तकातून शिकलो नाही, मॉनिटरवर पाहिलं.

काय मोजत होतो

बाईंना श्वसनयंत्रावर आणि गुंगीच्या औषधावर ठेवावं लागलं होतं, कारण कोसळताना उलटी फुफ्फुसात गेली होती आणि ऑक्सिजन टिकत नव्हता. जाग्या रुग्णाची सर्वांत चांगली तपासणी म्हणजे त्याच्याशी बोलणं आणि त्याला हात उचलायला सांगणं. ती वाट बंद होती. म्हणून यंत्रांवर जास्त भिस्त होती. धमनीत दाबाची नळी होती. वेंट्रिकलमधल्या नळीखेरीज मेंदूच्या ऊतीत दाब मोजणारा वेगळा सेन्सर घातला होता. कपाळावर दोन्ही बाजूंना ऑक्सिमेट्रीचे पट्टे होते. त्यातला अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीतून आत जातो आणि खालच्या ऊतीतल्या ऑक्सिजनचा अंदाज टक्क्यांत देतो. शिवाय रोज सकाळी ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. रुने आस्लिड यांनी १९८२ साली कवटीच्या पातळ जागेतून धमनीतला वेग ऐकण्याची ही पद्धत मांडली, तेव्हापासून तिने असंख्य रुग्णांची राखण केली आहे.

वेंट्रिकलमध्ये नळी असताना वेगळा सेन्सर कशाला, असं कुणी विचारेल. नळी उघडी असताना तिच्यातून मोजलेला दाब हा मेंदूचा दाब नसतो. पाणी बाहेर वाहत असतं आणि दाबाच्या लहान लहान लाटा त्याच्याबरोबर वाहून जातात. नियमनाचं गणित तर नेमकं त्या लाटांवरच उभं असतं.

ते गणित असं. दर दहा सेकंदांच्या सरासरीने रक्तदाब आणि मेंदूचा दाब नोंदवायचा. अशा शेवटच्या ३० जोड्या, म्हणजे पाच मिनिटांच्या, घेऊन त्यांच्यातला सहसंबंध काढायचा. रक्तवाहिन्या शाबूत असतील तर रक्तदाब चढल्यावर त्या आकसतात, कवटीतलं रक्त थोडं कमी होतं आणि मेंदूचा दाब किंचित उतरतो. सहसंबंध शून्याजवळ किंवा उणे येतो. रक्तवाहिन्या सैल पडल्या असतील तर वरचा दाब सरळ आत उतरतो, दोन्ही रेघा हातात हात घालून चालतात आणि आकडा अधिक एककडे सरकतो. केंब्रिजमध्ये मारेक चोस्निका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेला हा निर्देशांक पीआरएक्स म्हणून ओळखला जातो. कपाळावरच्या ऑक्सिजनच्या आकड्याची रक्तदाबाशी अशीच सांगड घातली की सीओएक्स मिळतो आणि तो डाव्या-उजव्या बाजूचा वेगवेगळा काढता येतो. दोन्हींचं एक पथ्य आहे. क्षणाक्षणाचा आकडा पाहून काही ठरवायचं नाही. तासाभराची सरासरी पाहायची, आणि खोकला, सक्शन, नळी धुणं यांचे तुकडे वगळायचे.

पहिले तीन दिवस सगळं ठीक होतं. सरासरी रक्तदाब ८८ च्या आसपास, मेंदूचा दाब १२, म्हणजे परफ्युजनचा, मेंदूत रक्त ढकलणारा, दाब ७६. पीआरएक्स शून्याभोवती, दोन्ही सीओएक्स ०.२ च्या खाली.

चौथा दिवस

निमोडिपिन दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, २१ दिवस द्यायचं असतं. नाकातल्या नळीतून डोस गेला की पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात रक्तदाब थोडा उतरतो, हे विभागातल्या प्रत्येकाला माहीत असतं. या बाईंचाही उतरायचा. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत रात्री दोनच्या डोसनंतर ८९ वरून ७६. कपाळावरचा ऑक्सिजन उजवीकडे ६७ वरून ६६, डावीकडे ६८ वरून ६७. म्हणजे दाब खाली आला तरी प्रवाह जागचा हलला नाही.

चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरनी सकाळच्या राउंडला चार्ट पुढे केला. दोन, सहा आणि दहाच्या चौकटींत पेन्सिलीने बाण काढले होते.

"मॅडम, उजवी रेघ आता दाबाच्या मागे मागे जातेय. परवा जात नव्हती."

"पट्टा सैल नाही ना झाला?"

"दोनच्या वेळी तेच वाटलं. म्हणून बदलून लावला. सहाला परत तसंच झालं."

रात्री दोनला दाब ८८ वरून ७४, उजवीकडचा ऑक्सिजन ६६ वरून ५८, डावीकडचा ६७ वरून जेमतेम ६५. सहाला तेच आणि दहालाही तेच. उजवा सीओएक्स रात्रभरात ०.४५ वर गेला होता, डावा ०.१५ होता.

या बाणांचं मोल मला आजही फार वाटतं. नियमन तपासण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांत मुद्दाम दाब हलवावा लागतो. मांडीवरचा फुगवलेला पट्टा एकदम सोडायचा, किंवा मानेतली धमनी काही सेकंद दाबून सोडायची, आणि मेंदूतला प्रवाह किती झटकन सावरतो ते पाहायचं. इथे ही परीक्षा औषध स्वतःच दर चार तासांनी घेत होतं. ती घेतली जातेय हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, आणि ते सिस्टरांच्या आलं.

त्या सकाळचा डॉप्लर मात्र शांत होता. उजव्या मिडल सेरेब्रल धमनीतला सरासरी वेग सेकंदाला ११० सेंटिमीटर, डावीकडे ८४. लिंडेगार्ड गुणोत्तर, म्हणजे मेंदूतल्या वेगाला मानेतल्या धमनीच्या वेगाने भागून येणारा आकडा, २.८. वेग १२० च्या वर आणि गुणोत्तर ३ च्या वर गेल्यावर आपण स्पाझमचा विचार करू लागतो. नियमांच्या चौकटीत बसवलं तर बाईंना अजून काहीच झालेलं नव्हतं. नियमन ढासळणं हे धमनी अरुंद दिसण्याच्या आधी येऊ शकतं, हे सबॲरॅक्नॉइड रुग्णांच्या अभ्यासांतही दिसलं आहे.

पीआरएक्सने का सांगितलं नाही? तो त्या सकाळी ०.१ होता, म्हणजे निर्धास्त. त्याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. एक तर मेंदूचा दाब ही सगळ्या कवटीची मिळून एक गोष्ट, त्यामुळे एका बाजूचा बिघाड त्यात विरून जातो. दुसरं, वेंट्रिकलमधलं पाणी नळीतून निघत असल्याने मेंदू सैल होता, रक्ताचं आकारमान थोडं वाढलं तरी दाबात उमटत नव्हतं. डोक्याला मार लागलेल्या, घट्ट सुजलेल्या मेंदूत पीआरएक्स जितका बोलतो तितका इथे बोलत नाही.

उपचार आम्ही मोठे केले नाहीत. आधीच दाब चढवून ठेवायचा, भरपूर सलाइन भरायचं, ही जुनी रीत आता मागे पडली आहे. शरीरातलं पाणी कमीही नको आणि जास्तही नको. पण दाब पडू द्यायचा नाही हे नक्की होतं. निमोडिपिन बंद करायचं नव्हतं, म्हणून ६० चा डोस मोडून दर दोन तासांनी ३० केला. रक्तदाब चढवणारं नॉरॲड्रेनलिन अगदी थोडं सुरू केलं. रक्तातलं सोडियम १३३ वर आलं होतं. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर मूत्रावाटे मीठ आणि पाणी दोन्ही जाऊ शकतं, त्यामुळे इथे पाणी तोडायचं नसतं, मीठ भरून काढायचं असतं. आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३२ निघाला. श्वसनयंत्र जरा जास्तच श्वास देत होतं. कार्बन डायऑक्साइड एका मिलिमीटरने बदलला की मेंदूचा प्रवाह सुमारे तीन-चार टक्के बदलतो. तो ३८ वर आणला.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत एक जागा फसवी आहे. तो कमी असला की रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि नियमनाचा निर्देशांक उलट चांगला दिसतो. प्रवाह मात्र घटलेला असतो. वाढवल्यावर निर्देशांक किंचित बिघडला तर घाबरून पुन्हा यंत्राचा वेग वाढवू नये. आकड्याला खूश करण्यासाठी प्रवाह घालवणं परवडणारं नाही.

पाचव्या दिवसाची रात्र

ही रात्र वगळून प्रकरण लिहिता आलं असतं, पण मग ते खरं झालं नसतं.

संध्याकाळी धमनीतली नळी अडू लागली म्हणून बदलली. नव्या नळीचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा भाग, हृदयाच्या पातळीला लावून शून्य केला गेला. इतर सगळ्या रुग्णांत ते बरोबरच असतं. पण या बाईंचा रक्तदाब आम्ही कानाच्या छिद्राच्या पातळीला मोजत होतो, मेंदूचा दाब जिथे मोजतो तिथेच. डोकं तीस अंश वर असताना हृदय आणि कान यांच्यात उभं अंतर साधारण १५ सेंटिमीटर पडतं. पाण्याचे १५ सेंटिमीटर म्हणजे पाऱ्याचे ११ मिलिमीटर. पडद्यावर परफ्युजनचा दाब ८२ दिसत होता, मेंदूला मिळत होता ७१. आणि ८२ दिसतोय म्हणून नॉरॲड्रेनलिन कमी केलं गेलं.

उजवा सीओएक्स ०.५ च्या वर चढला, ऑक्सिजन ६० वर घुटमळू लागला. रात्रीच्या निवासी डॉक्टरांनी फोन केला तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मला आठवतं. मी म्हणाले, "परफ्युजन ८२ आहे ना, मग निर्देशांकात काहीतरी गोंधळ असेल, सकाळी बघू." दोन यंत्रं दोन गोष्टी सांगत होती आणि मी ओळखीच्या यंत्रावर विश्वास ठेवला. पहाटे कूस बदलताना सिस्टरना ट्रान्सड्यूसर खाली दिसला. सात तास गेले होते.

त्या दिवसापासून आम्ही पलंगाच्या खांबावर रंगीत पट्टी लावली आणि कूस बदलल्यावर, डोकं वर-खाली केल्यावर, नळी बदलल्यावर पातळी तपासून सही करायची असं ठरवलं. कोणत्या पातळीला मोजतो आहोत हे केसपेपरवर न लिहिता परफ्युजनचा आकडा लिहिणं मी तेव्हापासून सोडलं. दोन विभागांच्या आकड्यांत ११ मिलिमीटरचा फरक केवळ यामुळे पडू शकतो.

सातवा दिवस : दाब किती वाढवायचा

सातव्या दिवशी सकाळी गुंगीचं औषध थांबवून पाहिलं. बाईंनी डोळे उघडले, उजवा हात सांगितल्यावर उचलला. डावा हात उचलून टिकेना आणि डावा पाय तर जागचा जेमतेम सरकला. चार दिवसांपूर्वीच्या नोंदीत दोन्ही पाय सारखे होते. डॉप्लरमध्ये उजवीकडचा वेग १७८, गुणोत्तर ५.१. सीटी अँजिओग्राफीत उजवी मिडल आणि अँटीरियर सेरेब्रल धमनी मध्यम प्रमाणात आखडलेली. परफ्युजन स्कॅनमध्ये उजव्या पुढच्या भागात रक्त पोचायला उशीर होत होता, पण मेलेली ऊती नव्हती. वेळ हातात होती.

अशा वेळी रक्तदाब औषधाने वाढवतात. तर्क सरळ आहे. नियमन गेलेलं असेल तर प्रवाह दाबाच्या मागे जातो, मग दाब वाढवला की प्रवाह वाढेल. डोळ्यांसमोर रुग्णाचा लुळा हात उठताना ज्याने पाहिला आहे त्याला याची खात्री पटवावी लागत नाही. पण पुरावा तितका भक्कम नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेली हिमालाया नावाची चाचणी ४१ रुग्णांवरच थांबवावी लागली आणि तिच्यात फायदा दिसला नाही. एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपाय निरुपयोगी ठरवता येत नाही, पण डोळे मिटून तो वापरायलाही आधार उरत नाही. माझ्या मते मधली वाट अशी, की दाब वाढवायचाच असेल तर या रुग्णाचा मेंदू त्याचं काय करतो ते पायरी-पायरीने पाहायचं.

आधी इको केला. सबॲरॅक्नॉइड रक्तस्रावानंतर हृदयाचा स्नायू काही दिवस दुबळा पडू शकतो आणि अशा हृदयावर दाबाचा बोजा टाकणं धोक्याचं. हृदय ठीक होतं. मग दर पायरीला सरासरी दाब १० ने वाढवायचा आणि किमान अर्धा तास थांबायचं.

सुरुवातीला कानाच्या पातळीला दाब ९०, मेंदूचा दाब १३, परफ्युजन ७७, उजवा ऑक्सिजन ५७.

दाब १०० केला. मेंदूचा दाब १४, परफ्युजन ८६, उजवा ऑक्सिजन ६३. चाळीस मिनिटांनी डावा पाय गुडघ्यात वाकला. पलंगाशी उभे असलेल्या सगळ्यांना हायसं वाटलं.

आमच्या लेखी पद्धतीत पुढची पायरी ११० होती. ती घेतली. उजवा ऑक्सिजन ६४. मेंदूचा दाब २१. परफ्युजन ८९.

रक्तदाब १० ने वाढवला आणि परफ्युजन वाढला ३ ने. बाकीचे सात कवटीत दाब होऊन बसले. तासाभरात पीआरएक्स ०.१५ वरून ०.५ वर गेला, डावीकडच्या चांगल्या धमनीतला वेगही चढू लागला, डावा सीओएक्स पहिल्यांदाच ०.३ च्या वर आला. अर्थ असा लावला : उजवीकडच्या आखडलेल्या धमन्यांपलीकडे दाब पोचत नव्हता, आणि इतरत्र ज्या रक्तवाहिन्या आतापर्यंत आकसून सांभाळून घेत होत्या त्यांची वरची मर्यादा ओलांडली जात होती. रक्त जिथे कमी होतं तिथे न जाता जिथे पुरेसं होतं तिथे साचत होतं. असाच दाब दोन दिवस चालवला असता तर सूज वाढवून बसलो असतो.

परत १०० ते १०४ च्या पट्ट्यात आलो. मेंदूचा दाब १५ वर उतरला. पायाची ताकद टिकली.

प्रत्येक रुग्णासाठी असा पट्टा शोधण्याची कल्पना नवी नाही. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत पीआरएक्स सर्वांत चांगला जिथे येतो तो परफ्युजनचा दाब शोधायचा, असं २००२ साली स्टायनर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. अशा लक्ष्यावर उपचार करणं शक्य आणि सुरक्षित आहे का, एवढंच तपासणारी ६० रुग्णांची कोजिटेट चाचणी २०२१ मध्ये आली आणि उत्तर होकारार्थी होतं. त्याने रुग्ण जास्त बरे होतात हे सिद्ध करणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं आणि तेही रुग्ण डोक्याच्या माराचे होते, रक्तस्रावाचे नव्हेत. म्हणून १०४ हा आकडा आम्हाला पुराव्याने दिला असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी त्या बाईंच्या मेंदूने तो दाखवला. तो उद्या बदलेल हेही धरूनच चालत होतो.

बाईंचे यजमान रोज काचेबाहेर उभे राहून पडद्यावरचे आकडे वहीत टिपायचे. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मघाशी ११० होता तेव्हा चांगला होता की आता १०२ आहे तो?" मी त्यांना आत बोलावलं, कपाळावरच्या पट्ट्याची रेघ आणि दाबाची रेघ दोन्ही दाखवल्या आणि सांगितलं की या दोघी जितक्या एकमेकींपासून मोकळ्या चालतील तितकं चांगलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वहीत तिसरा रकाना दिसू लागला.

नवव्या दिवसापासून पुढे

दाबाचा पट्टा बदललाच. नवव्या दिवशी पहाटे वेग २१४, गुणोत्तर ६.५. दाब १०२ असूनही उजवा ऑक्सिजन ५५. कोणत्याही दाबाला सीओएक्स ०.६ च्या खाली येईना. सपाट जागा उरलीच नव्हती. डावा पाय पुन्हा पडला. ज्या धमनीतून दाब पुढे जातच नाही तिच्यामागे आणखी दाब उभा करण्यात अर्थ नव्हता. कॅथलॅबमध्ये नेऊन धमनीतच रुंदावणारं औषध दिलं. या औषधाने अंगभर दाब पडतो, म्हणून नॉरॲड्रेनलिन हातात धरून बसावं लागलं. वेग १४० वर आला, दुसऱ्या दिवशी थोडा चढला, अकराव्या दिवशी आणखी एकदा तेच केलं. त्यानंतर तो उतरत गेला.

बाराव्या दिवशी नॉरॲड्रेनलिन कमी करायला घेतलं, एका वेळी ५ मिलिमीटर. दाब ९२ ला आला आणि उजवी रेघ पुन्हा दाबाबरोबर खाली निघाली. डॉप्लरचा वेग तेव्हा १३० च्या घरात, म्हणजे कागदावर समाधानकारक होता. मागे फिरलो. धमनी मोकळी होते आणि नियमन परत येतं, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत. चौदाव्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, ९२ ला रेघ जागची हलली नाही. सोळाव्या दिवशी औषध बंद झालं. मधल्या काळात श्वसनयंत्र सुटलं, वेंट्रिकलमधली नळी बंद करून पाहिली आणि काढली.

सतराव्या दिवशी निमोडिपिन पुन्हा चार तासांवर आणलं. त्या रात्री दोनच्या डोसनंतर दाब ९० वरून ७८ वर आला. चार्टवर त्या चौकटीत पेन्सिलीने आडवी रेघ होती, बाण नव्हता.

बाराव्या दिवशीच्या सीटीत उजव्या बाजूला, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीला लागून, अँटीरियर सेरेब्रल धमनीच्या क्षेत्रात एक लहानसा काळसर डाग दिसला होता. सातव्या दिवशी तो नव्हता, त्यामुळे पाचव्या रात्रीला थेट दोष देता येत नाही. नवव्या दिवशी पहाटे आम्ही कॅथलॅबपर्यंत पोचायला दोन तास घेतले, तेव्हाचा तो असावा असं रेडिओलॉजीच्या सहकाऱ्यांचं मत पडलं. पण आधीच सात तास कमी रक्तावर काढलेली ऊती नवव्या दिवशीच्या घसरणीला किती तोंड देऊ शकली असती, याचा हिशेब कुठल्याही स्कॅनमध्ये लिहिलेला नसतो. चर्चेच्या बैठकीत मी दोन्ही वेळा शेजारी शेजारी मांडल्या आणि तशाच ठेवल्या.

तीन महिन्यांनी बाई स्वतःच्या पायांनी चालत तपासणीला आल्या. डाव्या पायात थोडी ओढ होती, बाकी ताकद परतली होती. स्वतःचं सगळं स्वतः करत होत्या, कामावर अजून गेल्या नव्हत्या. अपंगत्व मोजणाऱ्या सुधारित रँकिन मोजपट्टीवर श्रेणी २. प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली, पण प्रत्येक उत्तराआधी थोडं थांबत होत्या. यजमानांनी वही आणली होती. ती न उघडताच ते म्हणाले, "सांगितलं की सगळं करते, डॉक्टर. पण आपणहून उठत नाही. सकाळी चहा ठेव म्हटलं तर ठेवते, म्हटलं नाही तर खिडकीपाशी बसून राहते." तो डाग जिथे होता, तिथल्या इजेचं हे नेमकं लक्षण आहे. त्यांना मी ते समजावून सांगितलं, स्कॅनवर जागा दाखवली आणि स्मृती व कृतीच्या पुनर्वसनासाठी पुढची तारीख दिली.